दोन फटक्यांच्या मध्ये

झेंडूचा वास आला की माझ्या मुठी वळतात. लोकांना त्या वासानं दसरा आठवतो, तोरणं आठवतात, श्रीखंड-पुरी आठवते. मला नुसता राग येतो, कुणाचा तरी गळा धरावा असा. परवा मंडईत तेच झालं. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, टेम्पोतून झेंडूची पोती धपाधप खाली पडताहेत, पायाखाली फुलांचा चिखल, आणि मी पिशवी धरून दातओठ खात उभी. फुलवालीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो ताई, भाव पटत नसला तर पुढं व्हा. डोळे कशाला वटारताय?" तिचं काही चुकलं नव्हतं. मी गुपचूप अर्धा किलो घेतला आणि पुढे झाले.

घरी पोचते तोच आईचा फोन. माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आहे आणि बारशासाठी आई यवतमाळहून त्याच्या खराडीच्या फ्लॅटवर येऊन राहिली आहे. "अवं, वरोटा पाहिजे ना पाळन्यात ठेवाले," ती म्हणाली. वरवंट्याला ती वरोटा म्हणते. "साऱ्या बिल्डिंगीत विचारून आली मी. सगळ्यायकडं मिक्सरच हाये. तुयाजवळ एक हाये ना? तो घेऊन ये. अन् आत्या तू हायेस, कानात नाव तुलेच सांगा लागते. पाठ घट्ट करून ये, बाया धपाटे हानतीन."

बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला न्हाऊ घालतात, टोपडं चढवतात, काजळाची तीट लावतात, आणि बायका त्याला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. मूल दगडासारखं टणक व्हावं, दगडाएवढं जगावं, एवढाच त्यातला भाव. मग आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि ती सांगत असताना बाकीच्या तिच्या पाठीत गुद्दे घालतात. आपल्याकडे प्रेमाच्या कार्यक्रमातही कुणीतरी मार खाल्ल्याशिवाय भागत नाही. माझ्याकडे वरवंटा आहे हे खरं. कपाटाच्या तळाशी, जुन्या ओढणीत गुंडाळलेला. त्याच्याखाली आजवर एक मिरचीसुद्धा चिरडलेली नाही.

तो घेतला ते नवरात्रही असंच भाजणारं होतं. मी तेव्हा एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होते. डोक्याला मार बसला की कवटीत काय होतं, हा विषय. म्हणजे साध्या भाषेत हेल्मेट. ज्या गावात लोक हेल्मेट न घालण्याच्या हक्कासाठी भांडतात त्या गावात मी हेल्मेटवर संशोधन करत होते, आणि रिक्षावाल्यापासून घरमालकिणीपर्यंत सगळ्यांनी त्यावरून माझी चेष्टा करून घेतली होती. माझे मार्गदर्शक गद्रे सर नारायण पेठेतले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तरी बोललेलं बरोबर लागत असे. पहिल्याच भेटीत म्हणाले, "गावंडे, विदर्भातून इतक्या लांब डोकी फोडायला आलाच आहात, तर नीट फोडा."

त्या नवरात्राच्या तोंडावर सरांच्या ओळखीचे एक डॉक्टर लॅबमध्ये आले. ते शवविच्छेदन करत. त्यांच्याकडे येरवड्यातल्या एका तरुण बाईच्या कवटीचे फोटो आणि स्कॅन होते. तिचं नाव वनिता. नवरा सांगत होता, मोरीत पाय घसरला आणि उंबऱ्यावर डोकं आपटलं. पोलिसांनी घरातला वरवंटा जप्त करून नवऱ्याला धरलं होतं, आणि तो येरवड्याच्याच तुरुंगात होता, स्वतःच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दसऱ्यानंतर त्याच्या जामिनाची तारीख होती. कवटीला दोन भेगा होत्या. डॉक्टर म्हणत, दोन फटके आहेत. नवऱ्याचा वकील म्हणे, एकदा आपटूनही दोन भेगा पडतात, पडत नाहीत हे सिद्ध करा. ते गणितानं दाखवता येईल का, हे विचारायला डॉक्टर आले होते. जामीन झाला असता तर तो घरी येऊन आजीकडे असलेल्या आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन गेला असता. बापच तो, त्याला कुणी कशावर अडवायचं?

सरांनी फोटो पाहिले, चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "होईल. गावंडे करतील."

गावंडेंना करायला एक पॅकेज, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, लागणार होतं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या लोकांनी लिहून फुकट वापरायला ठेवलेलं. हाडाला तडा कुठून सुरू होतो, कसा पळतो, कुठे थांबतो हे ते दाखवतं. त्याचं जुनं व्हर्जन आमच्या लॅबच्या मोठ्या मशीनवर आधीपासून होतं. त्यावर मी काम सुरू केलं. डॉक्टरांच्या स्कॅनवरून वनिताची कवटी संगणकात उभी केली, मोरीचा उंबरा उभा केला, शहाबादी फरशीचा टणकपणा भरला, आणि तिला पाडायला लागले.

हे लिहायला सोपं वाटतं. मी त्या बाईला पुढून पाडलं, मागून पाडलं, कुशीवर पाडलं. पाय घसरून पाडलं, चक्कर येऊन पाडलं, कुणी ढकलल्यासारखं पाडलं. सकाळी चहा घेऊन बसायचं आणि तिचं डोकं दगडावर आपटायचं. पडद्यावर कवटी निळी असायची. मार बसला की तिथे पिवळं, मग लाल, मग एक काळी बारीक रेघ वाकडीतिकडी धावत सुटायची. रेघ थांबली की मी कवटी पुन्हा अखंड करायची आणि पुन्हा पाडायची. खोलीतल्या मैत्रिणीनं टेबलावर पातेलं आपटलं तर मी किंचाळायची. माणूस मारायला किती कमी जोर लागतो हे मला त्या दिवसांत कळलं, आणि ते ज्ञान अजून माझ्या हातातून गेलेलं नाही.

पडल्यावर भेग एकच पडत होती, पण त्याला अर्थ नव्हता. जुन्या व्हर्जनला एका वेळी एकच भेग कळत असे. दोन भेगा एकमेकींना भेटल्या तर काय होतं हे फक्त नव्या व्हर्जनला कळे. म्हणजे नवं व्हर्जन इन्स्टॉल केल्याशिवाय वकिलाचं तोंड बंद होणार नव्हतं.

असं पॅकेज एकटं कधी येत नाही. त्याच्याआधी दुसरी चार पॅकेजेस यावी लागतात. त्यातल्या एकेकाला आणखी कुणीतरी लागतं, आणि प्रत्येकाची ठरावीक आवृत्तीच चालते. जुनी दिली तर ते रुसतं, नवी दिली तर शेजारचं रुसतं. गणिताची एक लायब्ररी नव्या कंपायलरशिवाय बसेना, आणि नवा कंपायलर आला की आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं बसवून ठेवलेलं सगळं कोसळे. कुणी काय कशासाठी बसवलं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एक गाठ सोडवायची तर दुसरीकडे दोन पडायच्या. सर मागून येऊन पडद्याकडे बघत आणि म्हणत, "लग्नातला मानपान तरी एकदाच असतो हो." मला तेव्हा हसूसुद्धा यायचं नाही. तारीख जवळ येत होती आणि पडद्यावर लाल अक्षरं.

त्या अक्षरांची भाषाही बघा कशी. काम बंद पडलं की मशीन सांगतं, किल्ड. चूक झाली की फेटल. एक काम दुसऱ्याला जन्म देतं तेव्हा त्याला चाइल्ड म्हणतात, आणि आई आधी मेली तर मूल अनाथ म्हणून नोंदलं जातं. वर्षानुवर्षं हे शब्द डोळ्यांसमोरून जात होते आणि मला त्यांचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या नवरात्रात मी ते वाचताना पडद्यावर हात ठेवून झाकायची. एकदा कीबोर्ड उचलून टेबलावर असा हाणला की दोन बटणं उडून खिडकीबाहेर गेली. पवारमामांनी ती खाली जाऊन शोधून आणली. पवारमामा म्हणजे आमच्या लॅबचे मदतनीस, लोणी काळभोरचे. "ताई, मशीनला मारून काय मिळतंय?" ते म्हणाले. "त्याला काय आईबाप हायेत व्हय वाईट वाटायला?"

जप्त केलेला वरवंटा पोलिसांकडे होता. आम्हाला त्याची मापं आणि फोटो मिळाले होते, पण त्यांवरून आकार कळेना. एका टोकाला तो जरा झिजलेला, मधे किंचित फुगीर. तसा हातात घ्यावा म्हणून मी मंडईच्या बाजूला गेले. तिथे एक बाई पाटे-वरवंटे मांडून बसते, काळ्या दगडाचे. फोटोतल्यासारखा एक निवडून पिशवीत टाकला आणि बाहेर आले. पार्किंगमध्ये एक माणूस बायकोवर ओरडत होता, गाडीची किल्ली हरवली म्हणून. झेंडूच्या माळा तिच्या हातात. बोलता बोलता त्यानं तिच्या डोक्यात चापट मारली, अगदी सवयीनं, जसं कुणी डास मारतं. माझा हात पिशवीत गेला. कधी गेला ते कळलं नाही. वरवंटा बाहेर आला, वर गेला, आणि तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. कानशिलाच्या वर, किंचित मागे, तिथे हाड पातळ असतं. कुठून मारलं तर काय होईल हे मला पुस्तकासारखं पाठ होतं.

माझं मनगट एका फुलवालीनं पकडलं. "ओ ताई, सोडा. त्याच्यापायी तुम्ही आत जाल." आणि ज्या बाईला मार बसला होता ती माझ्यावरच उखडली, "तुमचं काय जातंय मध्ये पडायला? वेड लागलंय का?" माणूस गाडी ढकलत निघून गेला, बाई त्याच्या मागे. मी तिथेच फुटपाथवर बसले. मला वाईट वाटत नव्हतं. मारायला मिळालं नाही याचंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या पायऱ्यांवर एक बाई कडेवर मूल घेऊन बसलेली. अंगावर पिठाचे डाग, ती एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. "तुमीच का त्या, डोकं बघनाऱ्या?" तिनं विचारलं. वनिताची आई, कौसल्याबाई. कॉलेजात काहीतरी तपासणी चालली आहे एवढं तिला कुणाकडून तरी कळलं होतं. मी म्हटलं, "मावशी, इथे बसून काही होणार नाही."

"घरी बसून तरी काय होतंय? हितं सावली हाय."

सर दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हाकलतील. ते म्हणाले, "गावंडे, त्यांना पंख्याखाली बसवा. आपल्या पायऱ्या म्हणजे काही सरकारी कचेरी नव्हे." तेव्हापासून ती पोळ्यांचं काम आटोपून दुपारची येऊन बसायला लागली. फारसं बोलायची नाही. मूल, श्रेया तिचं नाव, टेबलाखाली रांगायचं आणि वायरी चघळायचं. पवारमामा त्या वायरी तिच्या तोंडातून काढायचे.

माझ्या टेबलावरचा वरवंटा मी तिला दिसू नये म्हणून फाइलींमागे ठेवला होता. एका दुपारी श्रेयानं तो शोधला आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली. कौसल्याबाई उठली, मुलीला उचललं आणि वरवंट्याकडे बघत उभी राहिली.

"असाच होता," ती म्हणाली. "मीच दिलता तिला रुखवतात. हिच्या बारशाला त्यालाच टोपडं घातलं. वनिता हसत व्हती. म्हनली, आई, दगुड बी गोड दिसतोय बघ."

मी मान खाली घालून पुन्हा लाल अक्षरांना भिडले. त्या दिवशी मशीनला ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या खऱ्या तर येरवड्याच्या भिंतीआड बसलेल्या माणसाला होत्या.

खंडेनवमीच्या सकाळी मी ठरवलं की आता अर्धवट काही नको. मशीनची मुळातली सगळी व्यवस्थाच नवी करायला लावली. हे काम चालू असताना मशीनला कुणी हात लावायचा नसतो. मधेच बंद पडलं तर घर अर्धं पाडलेलं आणि अर्धं बांधलेलं, अशी गत होते. तासभर लागणार होता. मी खाली चहाला गेले.

परत आले तर जिन्यातच चुकल्यासारखं वाटलं. मशीनच्या पंख्याचा आवाज येत नव्हता. आत पाहते तर मशीनला झेंडूचा जाड हार, कपाळ असतं त्या जागी हळद-कुंकू, पुढे नारळ. शेजारी पक्कड, पाने, सोल्डरिंगची बंदूक, माझा पेनड्राइव्ह, सगळ्यांना कुंकू. आणि त्या वरवंट्यालाही. पवारमामा डोक्याला रुमाल बांधून उदबत्ती ओवाळत होते. खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दिवसभर त्यांना विश्रांती द्यायची, हे ते दरवर्षी करत. दरवर्षी मशीन आदल्या संध्याकाळीच बंद असे. यंदा ते चालू दिसलं म्हणून त्यांनी बंद केलं. दिवे तरी लुकलुकतच राहिले, म्हणून मागची वायर काढून टाकली.

"आज हत्याराला हात लावत न्हाईत ताई," ते समाधानानं म्हणाले. "आमच्यात आज नांगर बी उभा असतो."

मी हार ओरबाडला आणि भिंतीवर फेकला. नारळ लाथेनं उडवला, तो कपाटावर आपटून फुटला आणि पाणी सगळ्या कागदांवर गेलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पवारमामा वयानं माझ्या वडिलांएवढे. ते उदबत्ती धरून तसेच उभे, राख त्यांच्या बोटांवर पडत होती. कोपऱ्यात गद्रे सर, हातात पेढा. देवाधर्माची वर्षभर टिंगल करणारा हा माणूस खंडेनवमीची पूजा कधी चुकवत नसे. ते शांतपणे म्हणाले, "गावंडे, हार तोडून मशीन सुरू होत असेल तर मी आणखी दोन मागवतो."

मशीन सुरू झालं नाही. वायर जोडली, बटण दाबलं, काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली आणि तिथेच थांबली. आम्ही बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. कौसल्याबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं फुटका नारळ पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता श्रेयाला घेऊन परत गेली. तिचं ते परत जाणं मला अजून दिसतं.

सरांनी पेढा कागदावर ठेवला आणि म्हणाले, "पुसून टाका सगळं. मागच्यांनी काय काय भरून ठेवलंय ते जाऊ द्या. कोऱ्यावर मांडा." आधीच्या विद्यार्थ्यांचं एक तरी काम त्यात अडकलं असेल म्हणून आजवर कुणी ते धाडस केलं नव्हतं. सर म्हणाले, "आला कुणी विचारायला तर माझं नाव सांगा. मला शिव्यांची सवय आहे."

दसऱ्याला कॉलेज बंद. पवारमामा लोणीहून सकाळीच किल्ल्या घेऊन आले. कालचं काही बोलले नाहीत. दार उघडलं, माझ्यासाठी थर्मासमधून चहा ओतला आणि स्टुलावर बसून राहिले. मी म्हटलं, "मामा, सण आहे, घरी जा."

"आज सीमोल्लंघन हाय," ते म्हणाले. "आज मशीन चालवलेलं चालतंय."

कोऱ्या मशीनवर मी एकेक पॅकेज बोलावलं. पहिलं आलं, बसलं. दुसऱ्यानं पहिल्याला ओळखलं. भांडायला तिथे जुनं कुणी उरलंच नव्हतं. कंपायलर, गणिताची लायब्ररी, आकार मांडणारं एक, कामं वाटून देणारं एक, असं सगळं जेवायच्या वेळेच्या आत रांगेत उभं राहिलं, आणि शेवटी ते मोठं पॅकेजही काहीएक कुरकुर न करता उतरलं. इतके दिवस ज्याच्यावर डोकं आपटलं ते असं मुकाट्यानं व्हावं याचाच मला संताप आला. पवारमामांनी पुढे कायम सगळ्यांना सांगितलं की पूजेनं काम झालं. ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मीही कधी वाद घातला नाही.

कवटीची फाइल कुंकू लागलेल्या त्याच पेनड्राइव्हवर होती. मी वनिताला पुन्हा पाडलं, सगळ्या बाजूंनी, सगळ्या तऱ्हांनी. आता मशीनला दोन भेगा कळत होत्या, तरी पडत होती एकच. मग मी वरवंटा उचलला. म्हणजे पडद्यावरचा. उभ्या बाईच्या डोक्यात मारला. पहिली भेग अगदी फोटोतल्यासारखी कानामागून वर गेली. दुसरी मात्र उभ्या बाईला कशीही मारून जुळेना. मी तिचं डोकं जमिनीवर ठेवलं, एक गाल फरशीला टेकवून. आणि पुन्हा मारला. दुसरी भेग धावत आली, पहिलीपाशी पोचली आणि थांबली. तडा गेलेल्या जागेवरून दुसरा तडा पलीकडे उडी मारू शकत नाही. फोटोत तसंच होतं, त्याच जागी, त्याच कोनात.

सर मागे उभे होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "पहिल्याला उभी होती," ते म्हणाले. "दुसऱ्याला खाली." बाहेर कुठेतरी ढोल वाजत होते, रस्त्यावरच्या बसला हार होते, सगळं शहर सोनं वाटत होतं.

संध्याकाळी उन्हं उतरता उतरता कौसल्याबाई आली. श्रेयाच्या अंगात नवा फ्रॉक, हातात आपट्याची पानं. पानं तिनं पवारमामांना दिली, सरांना दिली, मला दिली. सरांनी तिला नीट सांगितलं, अहो-जाहो करत, की पडून असं होत नाही, मारल्यानंच झालं आहे, आणि तसं आम्ही डॉक्टरांना लिहून देतो आहोत. तिनं मान हलवली. तिला ते नवीन नव्हतं. मग सर फोन करायला बाहेर गेले आणि ती माझ्या टेबलाजवळ आली.

"बाई, एक इचारू? पहिल्याच फटक्यात गेली ना ती?"

मी "हो" म्हणणारच होते. ओठांवर आलंही होतं. पण ज्या दुसऱ्या फटक्यानं श्रेया तिच्या कडेवर राहणार होती तोच दुसरा फटका मी आता नाही म्हणून कसा सांगणार होते? आणि चार दिवसांनी कोर्टात कुणीतरी ते कोरड्या आवाजात वाचणारच होतं. मी म्हटलं, "नाही, मावशी."

श्रेया तिच्या मंगळसूत्राची दोरी ओढत होती.

"म्हंजी मधी येळ होता," ती म्हणाली. "मग हाक मारली असंल तिनं. मलाच मारली असंल. दोन गल्ल्या सोडून तर ऱ्हाते मी."

मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला. हाताला पिठाचा वास होता. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं झालं हितंच सांगितलंस. आता त्याच्यापुढं नाय रडायची मी." आणि खरंच ती रडली नाही. तारखेला मी बाकावर तिच्या शेजारी बसले होते. आमचं म्हणणं वाचलं जाताना नवरा जमिनीकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे, डोळ्याची पापणी न लववता. जामीन नाकारला. श्रेया आजीकडेच राहिली. आता शाळेत जाते. भेटली की मला डोकंवाली मावशी म्हणते.

मी पुढे पीएचडी संपवली आणि एका कंपनीत लागले. खंडेनवमीला आमच्या एचआरचं मेल येतं, लॅपटॉपला कुंकू लावून फोटो पाठवा म्हणून. मी लावते. पण दर वर्षी या दिवसांत माझ्या मनात ती एकच जागा उघडी पडते, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधली. मशीन एका फटक्याचा सगळा हिशेब देतं. दोन फटक्यांच्या मधे बाई काय म्हणाली हे सांगणारं पॅकेज कुणी लिहिलेलं नाही. ती हाक कुणी ऐकली असेल का? शेजारी, वरच्या मजल्यावरचे, गल्लीतले? ऐकून टीव्हीचा आवाज वाढवला असेल का? मला त्या अख्ख्या गल्लीला मारावंसं वाटतं, अजून वाटतं, आणि ते जाईल असं मला वाटत नाही.

आज बारसं झालं. वरवंटा ओढणीतून काढून मी खराडीला घेऊन गेले. आईनं त्याला कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, कुंकवाचा एक जुना डाग होता तो घासून काढला, पिवळं टोपडं बांधलं, तीट लावली. पाळण्याभोवती भावाच्या सासरच्या, शेजारच्या, आमच्याकडच्या बायका. दगड एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, पाळण्याच्या वरून, पाळण्याच्या खालून, देवांची नावं घेत, हसत, फिरत फिरत माझ्यापाशी आला.

"धर नीट," आई म्हणाली. "जड हाये."

"माहीत आहे मला."

मी तो धरला. टोपड्याची नाडी सुटली होती ती बांधली आणि पुढच्या बाईच्या हातात दिला. मग बाळाला पाळण्यात ठेवलं आणि मी वाकले. तिच्या कानाला अजून लव आहे. मागे बायका हात उगारून तयार, सगळ्या हसताहेत. पहिला धपाटा पाठीत बसला. दुसरा बसायच्या आत मी तिच्या कानात म्हटलं, हाक मार, मी येईन.

मग दुसरा बसला, आणि मी तिला तिचं नाव सांगितलं.